दोन बोरांच्या दोन माशा

विजयमाला शेंडे रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. मुलींच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मुली त्यांना बहनजी म्हणत, आणि बहनजींचा आवाज खाली गेला की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची. जयपुरात आल्या तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. नवरा आनंदराव केंद्र सरकारच्या एका हिशेब खात्यात अधिकारी. त्यांची बदली झाली म्हणून या आल्या, कडेवर वर्षाची विनया. माणसं मूळची साताऱ्याकडची. वाळूचा वारा, उन्हाळ्यातली भाजून काढणारी लू, जड पाणी, डाळ न शिजणं, या सगळ्याचा बाईंना पहिल्या वर्षी राग आला आणि दुसऱ्या वर्षी सवय झाली. ज्या रागाची त्यांना शेवटपर्यंत सवय झाली नाही तो पुढे आला, आणि आला तो एका माशीपायी.

त्याचं असं झालं. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलींना घेऊन शहराबाहेर जगतपुऱ्याच्या माळावर गेल्या होत्या. त्या काळी तिथे काटेरी झुडपं आणि शेळ्या याशिवाय काही नव्हतं. झुडपांना वाटाण्याएवढी लालसर रानबोरं लगडली होती. तिकडचे लोक त्यांना झडबेरी म्हणतात. मुली बोरं खात सुटल्या आणि बाई किडकी बोरं वेचत बसल्या. घरी येऊन त्यांनी त्या बोरांमधल्या पांढऱ्या अळ्या वाळू भरलेल्या बरणीत सोडल्या आणि तोंडाला मलमल बांधली. अळ्या वाळूत शिरल्या, तिथे त्यांनी कोष केले आणि निपचित पडून राहिल्या. पुढे महाशिवरात्रीच्या सुमारास शहरापलीकडच्या चौमूं गावच्या बागांमधली कलमी बोरं बाजारात आली, अंगठ्याएवढी, गोड. त्यांच्यातही तसल्याच अळ्या होत्या. बाईंनी दुसरी बरणी भरली.

वर्ष उलटलं. पाऊस सरता सरता, भाद्रपदात, पहिल्या बरणीतल्या माशा बाहेर आल्या. पिवळसर, पंखांवर पट्टे असलेल्या, घरमाशीपेक्षा लहान. ही वेळ बरोबर होती, कारण तेव्हाच रानबोरांना कोवळी फळं धरतात आणि माशीला अंडी घालायला कोवळं फळ लागतं. पण दुसऱ्या बरणीत हालचाल नाही. बरण्या एकाच कोनाड्यात शेजारी शेजारी होत्या, वाळू एकाच ढिगातली, ऊन-थंडी सारखी. बागेतल्या बोरांच्या माशा मार्गशीर्षाच्या थंडीत बाहेर आल्या, कलमी झाडांना फळ धरलं तेव्हा. तोवर पहिल्या माशा मरून गेल्या होत्या. बाईंनी दोन्ही माशा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पाय, पंख, पाठीवरचे केस, कशात म्हणून फरक नव्हता.

दिसायला एक, आणि आयुष्यात कधी एकमेकींना भेटणं नाही. त्या दिवशी बाईंनी दोनदा चहा केला आणि दोन्हीदा प्यायच्या विसरल्या, असं विनया पुढे मोठी झाल्यावर सांगायची. तिला ते आनंदरावांनी सांगितलं होतं.

बाईंनी पीएच.डी.साठी डॉ. भंडारींकडे नाव घातलेलं होतं. भंडारी म्हणजे हसतमुख माणूस, अंगात बंद गळ्याचा कोट, समोरच्याला चहा पाजल्याशिवाय बोलणं सुरू करायचे नाहीत. बाईंनी त्यांना दोन्ही बरण्यांची हकिगत सांगितली आणि आपल्याला काय वाटतं तेही सांगितलं. मुळात ही माशी रानबोराची. माणसांनी मोठ्या बोरांच्या बागा लावल्या. रानमाशांमधल्या ज्या मुळातच थोड्या आळशी, उशिरा उठणाऱ्या, त्यांना रानात कोवळं फळ उरलेलं नसणार, पण बागेत मिळालं. उशिराच्यांची लग्नं उशिराच्यांशीच होणार, कारण दुसरं कुणी जिवंतच नाही. त्यांची पोरं आणखी उशिरा उठणारी. असं वर्षानुवर्षं चालत गेलं तर एके दिवशी दोघींची संतती एकत्र होऊच शकणार नाही. तेव्हा एका प्रजातीच्या दोन झालेल्या असतील. आणि ते आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे.

भंडारींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, विजयमालाजी, नवी प्रजाती व्हायची तर मध्ये भिंत लागते. डोंगर लागतो, समुद्र लागतो. इकडचे इकडे अडकले, तिकडचे तिकडे, की मग हजारो वर्षांनी वेगळे होतात. जगतपुरा आणि चौमूं यांच्यामध्ये काय आहे? सडक आहे. तुमच्या भाद्रपदातल्या माशांची पोरंच मार्गशीर्षात बाहेर येत असणार. एकाच घराण्याच्या दोन पिढ्या, दुसरं काही नाही.

शंका रास्त होती, बाईंनाही ती सुचली होती. "मग ते तपासायला हवं," त्या म्हणाल्या.

"तपासायचं काय? पुस्तकात तपासलेलं आहे." भंडारींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "तुम्ही बोरकिडीचं जीवनचक्र लिहा. शेतकी खात्याला उपयोगी पडेल. बायकांना झेपेल असा विषय आहे."

परतताना बाई टांग्यात बसल्या नाहीत. चांगली दोन-अडीच मैलांची वाट त्या पायी आल्या, आणि घरी येऊन पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की उद्यापासून मला आणखी बरण्या लागतील.

बरण्या मिळाल्या, पण अळ्या कुठून आणायच्या? बाजारात एवढी किडकी बोरं कोण ठेवतो? म्हणून त्या दर रविवारी बसने चौमूंला जाऊ लागल्या. तिथे मूलचंद सैनी नावाच्या माळ्याची मोठी बाग होती. पहिल्या हिवाळ्यात त्याने काही म्हटलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने बाईंना झाडाखाली वाकून, पडलेली किडकी बोरं कापसात गुंडाळून डब्यात ठेवताना पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. आजवर त्याला वाटलं होतं की ही बाई कीड मारायचं औषध शोधते आहे.

"ह्या किड्याने माझी निम्मी बाग खाल्ली," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याला कापसात झोपवता?"

बाईंनी खरं ते सांगितलं, की मला हा किडा जिवंत हवा आहे. मूलचंदने फाटकाकडे हात केला. शेतकी खात्याची पांढरी पावडर घरात येऊन पडली होती, येत्या आठवड्यात तो सगळ्या बागेवर मारणार होता. बाईंचा आवाज खाली गेला. त्या म्हणाल्या, पावडरीने माशी या वर्षी मरेल, पुढल्या वर्षी शेजारच्या बागेतून पुन्हा येईल. तुम्हाला ती कायमची घालवायची असेल तर ती उन्हाळ्यात कुठे झोपते, किती खोल झोपते, हे माहीत असायला हवं. ते मला कळेल. तीन हिवाळे विहिरीकडची एक रांग मला सोडा, तिच्यावर काही मारू नका. तीन हिवाळ्यांनंतर माशी मारायची कशी, ते मी स्वतः येऊन सांगेन.

मूलचंदने बराच वेळ विचार केला. झाडं त्याने पोरांसारखी वाढवली होती, त्यातली एक रांग किड्यांना द्यायची म्हणजे जिवावर येणारच. शेवटी तो हो म्हणाला, पण हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. आपण कुणाला काय कबूल केलं ते त्यांना नीट कळत होतं. तीन हिवाळ्यांत सगळं सिद्ध होईल, मग ही एक बाग गेली तरी चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यातच आनंदरावांची बदली आली, ग्वाल्हेरला. त्यांनी ती बातमी जेवताना सांगितली, आणि त्याच दमात शाळेचा दाखला, सामानाचा ट्रक, नव्या घराची व्यवस्था, असं सगळं बोलत गेले. बाई वाढत होत्या. त्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या.

आनंदरावांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "ग्वाल्हेरलाही बोरं असतील की."

हे वाक्य त्यांनी चिडवायला म्हटलं नव्हतं. खरोखरच त्यांना वाटलं होतं की हा उपाय आहे. बाईंना संताप आला तो त्याचाच. तीन वर्षं या माणसाच्या ताटाशेजारी बरण्या होत्या, एकदाही त्याने विचारलं नव्हतं की हिच्यात आणि तिच्यात काय वेगळं आहे. त्या म्हणाल्या, "तुमची बदली झाली आहे, माझी नाही. माझी तीन पिढ्यांची माशी इथे आहे. ती उचलून नेता येत नाही. तुम्ही जा. विनया माझ्यापाशी राहील."

"लोक काय म्हणतील, विजू?"

"ते तुम्हाला म्हणतील. तुम्ही तिकडे असाल, म्हणजे मला ऐकू येणार नाही."

लोक बोलले. सरकारी घर सोडावं लागलं. चांदपोल दरवाजाच्या आत दोन खोल्या घेतल्या, त्यातली एक बरण्यांची. मालनवन्सं, म्हणजे आनंदरावांची थोरली बहीण, समजूत घालायला मुद्दाम साताऱ्याहून आल्या. त्यांनी बरण्यांची खोली पाहिली, माशांची कथा ऐकून घेतली आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या, की तुमचंही मग तसंच व्हायचं म्हणायचं, एक इकडे, एक तिकडे, पुढे ओळखसुद्धा राहायची नाही. बाई इतकं हळू बोलल्या की वन्संना पुढे वाकून ऐकावं लागलं. "वन्सं, माशीला बदलीचा हुकूम येत नाही. आणि तिने कुठे राहायचं ते तिची नणंद ठरवत नाही. तिची उपमा मला देऊ नका." वन्सं पुढच्याच गाडीने परत गेल्या. हे बोलणं पुढे कितीतरी वर्षं साताऱ्याच्या घरात उगाळलं गेलं, आणि बाईंनी कधीही त्याबद्दल माफी मागितली नाही.

ते तीन हिवाळे त्यांनी जसे काढले तसे काढले. सकाळी कॉलेज, दुपारी बरण्या, रविवारी चौमूं. विनया शाळेतून आली की कोपऱ्यात अभ्यासाला बसे. तिची मराठी आता निम्मी हिंदी झाली होती, "आई, मतलब आज पण खिचडीच?" असं विचारायची. बाई तिच्यावर कधी चिडल्या नाहीत. चिडायला बाहेर भरपूर माणसं होती.

भंडारींच्या शंकेचं उत्तर त्यांनी असं शोधलं. रानबोराच्या माशीची पोरं त्यांनी वेगळी वाढवली, त्यांची पोरं पुन्हा वेगळी. बागेच्या माशीचंही तसंच. ऊन-वारा दोन्हींना सारखा. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, पण रानमाशी भाद्रपदातच उठली आणि बागमाशी मार्गशीर्षातच. म्हणजे एका घराण्याच्या दोन पिढ्या नव्हत्या, घराणीच दोन होती आणि उठण्याची वेळ रक्तात होती. मग त्यांनी आणखी एक खटाटोप केला. कॉलेजच्या बर्फाच्या पेटीत रानमाशीचे काही कोष गार ठेवून त्यांची झोप लांबवली, आणि दोन्ही माशा एकाच सुमारास बाहेर काढल्या. मलमलीचा एक मोठा पिंजरा केला. त्यात एका बाजूला कोवळी रानबोरं टांगली, ती बर्फातच राखलेली, आणि दुसऱ्या बाजूला कलमी. दोन्ही माशा आत सोडल्या, ओळखू याव्यात म्हणून एकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन.

माशांचं लग्न फळावर लागतं. नर फळावर ठाण मांडून बसतो, मादी तिथे येते. रानमाशा रानबोरांवर गेल्या, बागमाशा कलमी बोरांवर. पिंजरा हातभर लांब, मध्ये काहीही नाही, आणि तरी बहुतेक सगळ्या आपापल्या फळाला चिकटून राहिल्या. थोड्या चुकल्या. त्या चुकलेल्यांची पोरंही बाईंनी वाढवली. ती ना भाद्रपदात उठली ना मार्गशीर्षात. ती मधेच उठली, जेव्हा रानबोरं पिकून गेलेली आणि बागेत अजून फळ धरायचं होतं. बाहेर असती तर त्यांना अंडी घालायला जागा नव्हती.

बाई पिंजऱ्यासमोर पाटावर बसून राहिल्या. भिंत होती. डोंगराची नव्हती, ऋतूची होती.

प्रबंध लिहून झाला. शेवटचं प्रकरण याच गोष्टीचं होतं. भंडारींनी तो ठेवून घेतला आणि वाचतो म्हणाले. उन्हाळा गेला. पावसाळा गेला. बाई गेल्या की चहा येई, बिस्किटं येत, आणि उत्तर येई की अजून सवड झाली नाही. एकदा त्यांच्या टेबलावर त्याच प्रबंधाच्या गठ्ठ्यावर पाण्याचा पेला ठेवलेला बाईंनी पाहिला. त्यांनी पेला उचलून खिडकीत ठेवला आणि निघून आल्या. 

आणि मग मूलचंद आला. कधी नव्हे तो शहरात, डोक्याला नवा साफा बांधून, चांदपोलच्या जिन्यावर उभा राहिला. तीन हिवाळे झाले होते. चौथाही झाला होता, बाईंचा मान ठेवून तो गप्प बसला होता. आता त्या विहिरीकडच्या रांगेतून माशी सगळ्या बागेत पसरली होती आणि घरात त्याच्या मुलांनी त्याला धारेवर धरलं होतं. "बहनजी," तो म्हणाला, "मी माझा शब्द पाळला."

बाईंना आणखी एक वर्ष मागता आलं असतं. भंडारींनी जिवंत माशी मागितली तर ती बागेत असायला हवी, हे त्यांना कळत होतं. शब्द ओठांवर आलाही असेल. पण समोर उभा असलेला माणूस खोटा नव्हता. त्याच्यावर रागावता येत नव्हतं, आणि बाईंना सगळ्यांत अवघड तेच गेलं.

त्या चौमूंला गेल्या. मे महिना होता. झाडाखालची माती वीतभर खोल उकरा, त्यांनी सांगितलं, आणि उलथून उन्हात टाका. कोष वर येतील आणि भाजून मरतील. पडलेलं एकही बोर पुढे झाडाखाली राहू देऊ नका, गोळा करून जाळा. दोन वर्षं असं करा. मूलचंदचे मुलगे, सुना, गडी कुदळी घेऊन उतरले. तांबूस दाण्यांसारखे कोष मातीत दिसू लागले. बाई विहिरीच्या काठावर डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांना ताक आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं. त्या दिवशी त्या भंडारींना मनातल्या मनात जे जे बोलल्या ते सांगण्यासारखं नाही.

उपाय अचूक होता. पुढल्या हिवाळ्यात मूलचंदच्या बागेत किडकं बोर शोधून सापडेना. ते पाहून शेजारच्यांनी माती उलथली, त्यांच्या शेजारच्यांनीही. शेतकी खात्याचा एक माणूस येऊन सगळं पाहून गेला. जयपूरभोवती बोरांच्या बागा होत्या त्या तेवढ्याच; दोन वर्षांत चौमूंच्या त्या सगळ्या पट्ट्यातून बागमाशी नाहीशी झाली. बाईंच्या बरण्यांमधली घराणी तेवढी उरली होती. एका उन्हाळ्यात लू अशी चालली की ती कोषांतच वाळून गेली.

भंडारींना सवड झाली ती त्यानंतर. प्रबंध उत्तम आहे, म्हणाले. माती उलथण्याचा उपाय तर देशाच्या कामाचा आहे, तेवढ्यावर पदवी मिळेल. फक्त शेवटचं प्रकरण काढून टाका. परीक्षक हसतील. आणि त्यातलं खरं मानायचं तर माशी समोर हवी. आहे का तुमच्याकडे?

"होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाचत होता तोवर होती."

"तर मग काढा. एका प्रकरणाने काय बिघडतं?"

"ते काढलं तर उरतं ते शेतकी खात्याचं पत्रक. ते मी मूलचंद सैनीला तोंडी सांगितलं आहे, त्यासाठी पदवी लागली नाही." त्यांनी गठ्ठा उचलला. वरच्या पानावर पेल्याचा गोल डाग होता. भंडारी जिन्यापर्यंत मागे आले, रागावू नका म्हणाले, पुन्हा विचार करा म्हणाले. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

पदवी नाही म्हणून बढती नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी त्यांच्या वरच्या जागेवर आली. कॉलेजात कुणी हळहळ दाखवली की बाई तिथून उठून जात. आनंदराव सुट्टीत ग्वाल्हेरहून यायचे. त्यांनी एकदा चाचरत म्हटलं, की एक प्रकरणच होतं, काढायचं होतंस. त्या सुट्टीत बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. पण आनंदरावांनी त्या चार दिवसांत एक केलं. प्रबंध इंग्रजीत, शास्त्राच्या शब्दांनी भरलेला, आणि बाईंना थेट विचारायची सोय नव्हती; विनया मात्र इंग्रजी नीट वाचे. तिच्याकडून ते शेवटचं प्रकरण त्यांनी वाचून घेतलं आणि जिथे अडलं तिथे तिला आईकडे विचारायला पाठवलं. बाई आतून उत्तरं देत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न मुलीचे नाहीत.

सदुसष्ट साली जयपुरात प्राणिशास्त्रवाल्यांची एक परिषद भरली. मोठा मांडव, बाहेरगावचे लोक, मुख्य भाषण भंडारींचं. बाई मागच्या बाजूला बसल्या होत्या. भाषण रंगलं. शेवटाकडे भंडारींनी सांगितलं की अलीकडे परदेशात असं दिसू लागलं आहे की नवी प्रजाती व्हायला डोंगर-समुद्र दर वेळी लागतातच असं नाही. एखाद्या किड्याने खायचं फळ बदललं, फळाबरोबर ऋतू बदलला, तरी एकाच रानात दोन घराणी वेगळी पडू शकतात. आपल्याकडेही, ते म्हणाले, बोरासारख्या फळांवर असं काम व्हायला हवं. आपले तरुण इकडे लक्ष देत नाहीत, याचं वाईट वाटतं.

टाळ्या पडल्या. बाई उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी प्रश्न आहे का विचारलं, बाई म्हणाल्या, प्रश्न नाही. त्यांचा आवाज इतका खाली होता की मांडवातली कुजबुज आपोआप थांबली.

"हे काम झालेलं आहे," त्या म्हणाल्या. "चौमूंच्या बोरांवर. पिंजऱ्यासकट, पिढ्यांसकट. ते तुमच्या टेबलावर होतं, भंडारीजी. तुम्ही त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवत होता. तुम्ही मला सांगितलंत की भिंत लागते, आणि परीक्षक हसतील. आज तुम्ही स्वतः तेच सांगताय आणि कुणी हसलं नाही. तरुण लक्ष देत नाहीत असं पुन्हा म्हणू नका. मी तरुण होते."

त्या बसल्या नाहीत, सरळ बाहेर आल्या. चहाच्या टेबलांशी भंडारी मागून आले. चेहरा उतरला होता. तेव्हाची गोष्ट निराळी होती, ते म्हणाले, मलाही तेव्हा भिंत लागते असंच शिकवलेलं होतं. आता प्रबंध द्या, सगळ्या प्रकरणांसकट, मी स्वतः पुढे करतो. त्यात कावा नव्हता, हे बाईंनाही दिसलं. त्यामुळे त्यांना आणखीच चीड आली.

"कशाच्या जोरावर देऊ?" त्या म्हणाल्या. "कुणी म्हणालं दाखवा, तर काय दाखवू? माशी नाही राहिली. मी स्वतः उभी राहून मारली ती."

 बाई त्यांना तिथेच सोडून रस्त्याला लागल्या.

आनंदराव अडुसष्टमध्ये निवृत्त झाले आणि ट्रंक घेऊन जयपूरला आले. दहा वर्षं वेगळं राहिलेली दोन माणसं एका घरात वावरू लागली, तेव्हा पहिले काही महिने दोघांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून बरीच काळजी घेतली. विनया तेव्हा लखनौला शिकत होती. एके दिवशी आनंदराव फिरून आले आणि उभ्याउभ्याच सांगू लागले, की शहराबाहेर कानोत्याजवळ एका निवृत्त तहसीलदाराने नवी बाग घातली आहे. कलमी बोरांची. त्या बाजूला याआधी बोराची बाग कधी नव्हती, त्यांनी चौकशी केली होती. चारी बाजूंना नुसती झडबेरी आहे. यंदा झाडांना पहिलं फळ धरेल.

बाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे तिथे बागमाशी अजून नाहीच," आनंदराव म्हणाले. "फक्त रानातली आहे. मला वाटलं, पहिली कुठली उशिरा उठून बागेत शिरते, ते आता अगदी सुरुवातीपासून पाहता येईल. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग भाजी बाजूला सारून म्हणाल्या, "याला माझं आयुष्य पुरायचं नाही. दोन घराणी व्हायला किती पिढ्या जातील कुणास ठाऊक. मला फार तर पहिल्या काही दिसतील. आणि तो तहसीलदार पहिल्याच वर्षी पावडर मारील."

"त्याच्याशी मी बोलतो," आनंदराव म्हणाले. "अर्ज, विनंत्या, पाठपुरावा, यातच माझी हयात गेली."

तहसीलदार मूलचंदपेक्षा हेकट निघाला. त्याने आनंदरावांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी बाई स्वतः गेल्या, आणि कुंपणाच्या आत उभं राहून अर्धा तास त्याच्याशी भांडल्या. सरळ भांडल्या, काही कबूल केलं नाही, माशी मारायचा उपाय सांगेन असंही म्हणाल्या नाहीत. त्याने विचारलं, मला यात काय मिळणार? बाई म्हणाल्या, काही नाही, तुमची थोडी बोरं किडतील. तो इतका थक्क झाला की त्याने कुंपणालगतची चार झाडं देऊन टाकली.

त्या हिवाळ्यात कानोत्याच्या बागेत एकही अळी सापडली नाही. पुढल्या हिवाळ्यातही नाही. बाई दर रविवारी बसमधून उतरून शेतातून चालत जात, चारी झाडांखाली वाकून पडलेलं प्रत्येक बोर उचलून फोडून पाहत आणि बडबडत. भंडारींवर बडबडत, त्या माशीवर बडबडत, स्वतःच्या गुडघ्यांवर बडबडत. मागे पिशवी धरून आनंदराव चालत. तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, कुंपणाला अगदी चिकटलेल्या झाडाखाली त्यांनी एक बोर फोडलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. आनंदरावांना वाटलं, कमरेत लचक भरली. ते धावत पुढे आले.

बाईंनी हात पुढे केला. तळव्यावर बोराची दोन शकलं होती, आणि एकात पांढरी, तांदळाएवढी अळी वळवळत होती.

"डबा काढा," त्या म्हणाल्या, "आणि कापूस. हलवू नका, आधी कापूस."